वडिलांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्के : वावर विकून स्टेम सेलचा उपचार करावा का?

अडाणकाठचा (दारव्हा तालुका)

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६१ असून आमची साडेपाच एकर कोरडवाहू शेती आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू असताना एका सकाळी त्यांच्या छातीत जळजळ होऊ लागली. पित्त असेल असे समजून त्यांनी लिंबू पिळून खाण्याचा सोडा घेतला आणि दुपारपर्यंत धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली पडून राहिले. आम्ही त्यांना यवतमाळला पोचवले तेव्हा नऊ तास उलटून गेले होते. तेथे गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिले गेले, चार दिवसांनी नागपुरात अँजिओप्लास्टी होऊन समोरच्या मोठ्या धमनीत एक स्टेंट बसला, आणि खर्चाचा बराचसा भाग महात्मा फुले योजनेतून निघाला.

आता साडेतीन महिने झाले आहेत. दीड महिन्यापूर्वीच्या टू-डी इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे सगळे ज्याला पंपिंग म्हणतात ते, ३० टक्के आले. विहिरीपासून घरापर्यंत चालत येताना त्यांना दोनदा थांबावे लागते.

माझ्या मावसभावाने मोबाइलवर एका मोठ्या शहरातील केंद्राचा व्हिडिओ पाठवला. कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातील स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वेगळ्या करायच्या आणि त्या हृदयात सोडायच्या, म्हणजे ‘मेलेला स्नायू पुन्हा उगवतो’, असे त्यात सांगितले आहे. फोन केला तेव्हा दोन वेळच्या उपचाराचे साडेचार लाख रुपये सांगितले गेले. दोन एकर विकल्याशिवाय एवढी रक्कम उभी होणार नाही. वडिलांना विचारले तर ते एवढेच म्हणाले, “वावर इकून जगाचं, त मंग जगाचं कायच्यावर?” पण निर्णय माझ्यावर येऊन पडला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी ‘असे काही नसते’ असे म्हणून पुढच्या रुग्णाला बोलावले. बाहेर दोनशे माणसे बसलेली असताना त्यांना दोष तरी कसा द्यावा? तरीही ते का नसते, हे मला समजून घ्यायचे आहे, कारण उद्या काही बरेवाईट झाले तर हा प्रश्न मला जन्मभर छळेल.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

भाऊ, मी ग्रामीण रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे काढली आहेत, म्हणून उत्तर आधी सांगतो : वावर विकू नका. आता कारणे सांगतो, आणि ती जरा लांबतील.

हृदयाच्या डाव्या कप्प्यात साधारण दोन ते चार अब्ज स्नायुपेशी असतात. मोठ्या झटक्यात, विशेषतः समोरची धमनी कित्येक तास बंद राहिली तर, त्यांपैकी एक अब्जाच्या आसपास पेशी काही तासांत मरतात. कातडी कापली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तर ते वाढते. हृदयाच्या स्नायुपेशींचे विभाजन मात्र जन्मानंतर थोड्याच काळात जवळजवळ थांबते. पूर्णपणे नव्हे. १९५० आणि १९६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेत जो जादा किरणोत्सारी कार्बन मिसळला, त्याचे प्रमाण माणसांच्या हृदयपेशींत मोजून स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये असे दाखवले की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही खाली येते. या वेगाने एक अब्ज पेशींची भरपाई होणे शक्य नाही. म्हणून मेलेल्या जागी दीड-दोन महिन्यांत व्रण तयार होतो. तो भिंत फुटू देत नाही, पण आकुंचन पावत नाही, आणि उरलेल्या निरोगी स्नायूला त्याच्याही वाट्याचे ओढावे लागते. तुमच्या वडिलांची धाप येथून येते.

‘उगवतो’ हा शब्द कोठून आला? २००१ साली पिएरो अँव्हर्सा यांच्या अमेरिकेतील गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की उंदराच्या इजा झालेल्या हृदयात अस्थिमज्जेतील (म्हणजे हाडातील मगजातील) पेशी टोचल्या असता त्यांचा नवा हृदयस्नायू बनतो. जगभर खळबळ उडाली आणि लगोलग माणसांवरही प्रयोग सुरू झाले. पण २००४ मध्ये त्याच नियतकालिकात दोन वेगवेगळ्या गटांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून दाखवले की मज्जेच्या पेशी हृदयात गेल्या तरी रक्ताच्याच पेशी राहतात, त्या स्नायू होत नाहीत. पुढे २०१८ साली हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध खोट्या किंवा रचलेल्या माहितीच्या कारणावरून मागे घ्यावेत, अशी शिफारस केली. वीस-बावीस वर्षांपूर्वी कोसळू लागलेल्या त्या इमारतीचा दरवाजा दाखवून आजही लोकांकडून पैसे घेतले जात आहेत, याचा मला फार संताप येतो.

माणसांवरील प्रयोग मात्र बहुतांशी प्रामाणिक होते, हेही सांगितले पाहिजे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील २०४ रुग्णांच्या २००६ सालच्या चाचणीत मज्जेच्या पेशी मिळालेल्यांचे पंपिंग चार महिन्यांत सरासरी ५.५ अंकांनी वाढले आणि नुसते द्रव मिळालेल्यांचे ३ अंकांनी. फरक अडीच अंकांचा होता, आणि पेशी न टोचतासुद्धा ३ अंक वाढले, हे विशेष लक्षात ठेवा. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांत एवढाही फरक टिकला नाही. शेवटी युरोपात ३,००० रुग्णांची एक मोठी चाचणी आखली गेली, पण तीत ३७५च रुग्ण मिळाले. २०२० मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखे होते. संख्या इतकी लहान राहिली की त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. शिवाय या दोन्ही चाचण्यांत पेशी झटक्यानंतर अवघ्या काही दिवसांत दिल्या होत्या. तुमच्या वडिलांचा व्रण आता पक्का झाला आहे.

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, म्हणून त्यावरून सांगतो. सिकलसेलमध्ये मज्जारोपणाने आजार खरोखर बरा होऊ शकतो, कारण रक्त बनवणे हे मज्जेचे कामच आहे आणि नवी मज्जा ते काम करते. ‘स्टेम सेलने आजार बरे होतात’ हे वाक्य तेथे खरे आहे. ते तेथून उचलून हृदयावर चिकटवले गेले आहे.

पुसदची लेक

दादा, डॉक्टरसाहेबांनी शास्त्र सांगितले, मी आमच्या घरी घडलेले सांगते. केंद्राचे नाव लिहिणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही ३ लाख ८० हजार रुपये भरले; त्यांतील अर्धे माझे दागिने मोडून आणि अर्धे सावकाराकडून. कमरेच्या हाडातून सुईने मगज काढला, दोन तास बाहेर बसवले आणि मग एक पिशवी हाताच्या शिरेतून सलाइनसारखी लावली. हृदयात सोडणार होते ना, असे मी विचारले, तेव्हा ‘पेशी आपला रस्ता स्वतः शोधतात’ असे उत्तर मिळाले. तीन महिन्यांनी त्यांच्याच मशीनवर इको केला. पंपिंग २८ होते ते ३८ झाले म्हणून आम्ही पेढे वाटले. पंधरा दिवसांनी सरकारी रुग्णालयात तोच इको २७ आला.

पैशाचे दुःख एक वेळ गिळता येते. त्या लोकांनी ‘आता एवढ्या गोळ्यांची गरज नाही’ असे सांगून दोन गोळ्या बंद करायला लावल्या होत्या, आणि पुढच्याच महिन्यात फुफ्फुसात पाणी भरून सासऱ्यांना रात्री दोन वाजता गाडीत घालावे लागले. ते वाचले, पण त्यानंतर खाटेवरून फारसे उठले नाहीत. तुमचे वडील निदान विहिरीपर्यंत चालत आहेत.

पेशीजीव

मी मूळचा वणीचा. आता एका प्रयोगशाळेत पेशीजीवशास्त्रावर काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत असूनही, हा विषयच थोतांड आहे अशी समजूत येथे होऊ नये म्हणून लिहीत आहे.

आधी ताईंना सांगितलेल्या ‘रस्ता शोधतात’ याविषयी. हाताच्या शिरेतून सोडलेल्या पेशींना पहिली चाळणी लागते ती फुफ्फुसाची, आणि बहुतेक तेथेच अडकतात. थेट हृदयाच्या धमनीत सोडल्या तरी काही तासांत त्यांचा अगदी थोडा अंश हृदयात उरतो, आणि तोही पुढच्या काही आठवड्यांत नाहीसा होतो. मग काही प्रयोगांत थोडा फायदा दिसला तो कशामुळे? अमेरिकेतील सिनसिनाटी येथील जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांवर केलेल्या कामातून याचे एक चकित करणारे उत्तर मिळाले. त्यांनी जिवंत पेशी टोचल्या, गोठवून-वितळवून मारलेल्या पेशी टोचल्या आणि यीस्टच्या भित्तिकेपासून मिळणारे एक द्रव्यही टोचले. तिन्हींनी हृदयाचे काम जवळपास सारखेच सुधारले. टोचण्यामुळे तेथे दाह होतो, शरीराच्या सफाई पेशी धावून येतात आणि व्रणाची घडण थोडी सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे जो फायदा मूळ पेशींच्या नावावर जमा होत होता, त्यासाठी पेशी जिवंत असण्याचीसुद्धा गरज नव्हती.

खरी आशा निराळ्या वाटेने येत आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा भ्रूणावस्थेसारखे बनवले, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत खरोखर आकुंचन पावणारा हृदयस्नायू तयार करता येतो. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बशीतील पेशींचा तो थर आपोआप धडधडताना पाहिला तेव्हा मी चहा प्यायला जायचेही विसरलो होतो.

पण बशीतून छातीत जाणे फार अवघड आहे. २०१४ मध्ये सिएटलच्या गटाने मानवी भ्रूणजन्य मूळ पेशींपासून केलेल्या एक अब्ज हृदयपेशी माकडांच्या हृदयात सोडल्या. त्या टिकल्या, मूळ स्नायूशी जोडल्याही गेल्या, पण ठोक्यांची लय बिघडली. नव्या पेशी आपल्याच तालाने धडधडू लागल्या. आणि बिघडलेली लय माणसाचा जीव घेऊ शकते. ओसाका येथे जानेवारी २०२० पासून अशा पेशींचे पातळ पापुद्रे हृदयाच्या पृष्ठभागावर चिकटवण्याच्या चाचण्या झाल्या. जर्मनीतील गॉटिंगेनच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात स्नायूचे जाडसर ठिगळ माकडांवर लावून पाहिले आणि ४६ वर्षांच्या एका स्त्रीलाही लावले. तीन महिन्यांनी तिच्यावर हृदयारोपण झाले, तेव्हा काढलेल्या हृदयात ते ठिगळ जिवंत सापडले. ही मोठी गोष्ट आहे, पण ते एका रुग्णाचे निरीक्षण आहे. शिवाय ठिगळ परक्या माणसाच्या पेशींचे असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागतात, आणि ती जंतुसंसर्गाला दार उघडतात.

थोडक्यात, व्हिडिओतील केंद्र जे विकते आहे ते आणि प्रयोगशाळांत जे चालले आहे ते, या दोहोंत ‘मूळ पेशी’ या शब्दापलीकडे फारसे साम्य नाही.

मूर्तिजापूरकर

माझ्या पुतण्याच्या जन्माच्या वेळी नाळेचे रक्त एका खासगी बँकेत पैसे भरून ठेवले आहे. ते घरातील मोठ्या माणसाच्या हृदयासाठी वापरता येईल काय?

पेशीजीव

नाही. त्यात मुख्यतः रक्त बनवणाऱ्या पेशी असतात, म्हणून मज्जेच्या पेशींना जी अडचण आहे तीच येथेही आहे. आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही.

अडाणकाठचा (दारव्हा तालुका)

सर्वांचा आभारी आहे. ताईंचे उत्तर घरी मोठ्याने वाचून दाखवले. आई काही बोलली नाही, पण मावसभावाला मीच फोन करून सांगितले.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिली, केंद्राच्या माणसाने ‘आमच्याकडे शासनमान्य नोंदणी क्रमांक आहे’ असे सांगितले, तो खरा की खोटा हे मला येथे बसून कसे कळेल? दुसरी, पेशी नाहीत तर मग काय? वडिलांना चार-पाच गोळ्या चालू आहेत, पण त्या ‘फक्त जगवायच्या’ आहेत असे ते म्हणतात आणि खर्च वाचावा म्हणून एक-दोन गोळ्या अर्ध्या करून घेतात, हे मला कालच कळले.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

नोंदणीचे आधी. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतील मज्जारोपण सोडले, तर मूळ पेशींचा रुग्णावरील वापर हा प्रयोग मानला जातो आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. प्रत्येक चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत करावी लागते. २००९ पासून ते बंधनकारक आहे. क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो, त्यापुढे वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असतो, आणि संकेतस्थळावर तो टाकला की कोणता आजार, किती रुग्ण, कोणते रुग्णालय हे कोणालाही दिसते. दुसरी खूण याहून सोपी आहे : खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत आणि इजा झाली तर उपचार व भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यावर असते. जो साडेचार लाख मागतो तो चाचणी करत नाही.

आता गोळ्या. वडिलांना माझा हवाला देऊन सांगा की पेशींच्या चाचण्यांना जे वीस वर्षांत साधले नाही ते या गोळ्यांनी केलेले आहे. त्यांच्या पाकिटात स्पायरोनोलॅक्टोन नावाची स्वस्त गोळी असेल. १९९९ साली १,६६३ रुग्णांवरील चाचणीत, आणि त्या सगळ्यांचे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी होते, या गोळीने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. तिच्या जोडीला हृदयाचे ठोके संथ ठेवणारे बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन किंवा त्या जातीचे औषध, आणि मूळची मधुमेहाची पण आता हृदयासाठीही दिली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिन, असे चार खांब मिळून घर उभे राहते. यांतील बहुतेक गोळ्यांचा डोस दर दोन-तीन आठवड्यांनी हळूहळू वाढवायचा असतो; लहान डोसवर सुरू करून तसेच सोडून दिलेले रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले आहेत, आणि तुमचे वडील तर तो डोसही अर्धा करत आहेत. यांतील बहुतेक औषधे जेनेरिक मिळतात, म्हणून जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवा. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका, कारण स्टेंट बंद पडला तर दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो.

झटक्यानंतर काही स्नायू मरतो आणि काही नुसता बधिर होतो; बधिर झालेला भाग औषधांवर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जागा होऊ शकतो. म्हणून पूर्ण डोसवर तीन महिने गेल्यानंतरचा इको महत्त्वाचा असतो. तो शक्यतो त्याच रुग्णालयात करा, कारण दोन तपासणाऱ्यांच्या आकड्यांत पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो (ताईंना दाखवलेल्या ३८ मधील काही अंक तरी तेथूनच आले असावेत). तेव्हाही पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिले, तर लय बिघडल्यास आतूनच झटका देऊन ती पूर्ववत करणारे यंत्र बसवायचे का, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्टपणे विचारा. योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतील. नागपूरचे शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालय, एम्स किंवा सेवाग्राम येथे हा सल्ला मिळू शकेल.

आणि शेतकऱ्याच्या घरासाठी काही गोष्टी, ज्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाण्याची आपल्याकडे सवय आहे. अशा हृदयाला ते विषासमान आहे, त्याने अंगात पाणी साठते आणि मूत्रपिंड बिघडते. पित्तासाठी खाण्याचा सोडा बंद करा, कारण तो मिठाचाच भाऊ आहे. ठेचा, लोणचे, पापड, कुरडया यांत किती मीठ जाते ते एकदा आईंना मोजायला सांगा, पण त्याऐवजी बाजारातील ‘लो सोडियम’ मीठ आणू नका, कारण त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. पोटॅशियम आणि (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या) क्रिएटिनिनची तपासणी ठरलेल्या वेळी कराच. फवारणीचा पंप पाठीवर घेणे त्यांनी आता विसरावे. सपाटीवर रोज चालणे मात्र हळूहळू वाढवावे.

पुढे आपला उन्हाळा आहे. पारा पंचेचाळिसावर गेला की घामाने शरीर सुकते, त्यात लघवीच्या गोळीचा डोस हिवाळ्याचाच राहिला तर रक्तदाब कोसळून माणूस चक्कर येऊन पडतो. एप्रिल लागण्यापूर्वी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा पायांवर सूज आली, तर धाप लागण्याची वाट न पाहता दाखवायला न्या.

पुसदची लेक

वजन लिहिण्याचे कॅलेंडर भिंतीवर त्यांच्या नजरेसमोर टांगा, दादा. आमच्याकडे ते माझ्याच ध्यानात राहायचे, त्यांच्या नाही.

अडाणकाठचा (दारव्हा तालुका)

केंद्राला सीटीआरआय क्रमांक मागितला. त्यांनी एक प्रमाणपत्र पाठवले, ते कंपनीच्या नोंदणीचे निघाले. चाचणीचा क्रमांक हवा आहे, असे पुन्हा लिहिले तेव्हा गुढीपाडव्यापर्यंत पैसे भरल्यास चाळीस हजारांची सूट मिळेल, असा निरोप आला. त्यानंतर मी उत्तर दिले नाही.

सोमवारी नागपूरला जात आहोत. वडिलांनी नेमक्या कोणत्या गोळ्या अर्ध्या केल्या हे मी चिठ्ठीच्या मागे लिहून घेतले आहे. मृत्यू तीस टक्क्यांनी घटल्याची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी त्या स्वस्त गोळीचे पाकीट बराच वेळ उलटसुलट करून पाहिले आणि तिची किंमत विचारली. वजनासाठी कापूस तोलायचा काटा चालेल असा त्यांचा आग्रह होता, पण त्याला लोंबकळून वजन करायचे कसे यावर आई हसली. मग काल दिग्रसहून एक साधा काटा आणला. आज सकाळी ५८.४ किलो भरले; कॅलेंडर चुलीच्या भिंतीवर टांगले आहे आणि पहिला आकडा त्यांनी स्वतः लिहिला.